आधी भेग बघा, मग रंग द्या

पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये आपण काय काय केलं, आठवतंय? फिटिंगला माइल्ड स्टीलच्या दोन पट्ट्या कानस मारमारून एकमेकींत बसवल्या. कार्पेंटरीत लॅप जॉइंट केला (बहुतेकांचा हलत होता, सरांनी डोळेझाक केली). वेल्डिंगनंतर रात्रभर डोळे चोळले. शीट मेटलचा ट्रे घरी नेला आणि आईने त्यात मिरच्या वाळवल्या. पण रंगकाम? ते नाही. जॉब जमा करताना गंज चढू नये म्हणून थोडं ऑइल फासायचं, एवढंच आपलं पृष्ठभागाचं शिक्षण. रंग हा इंजिनिअरिंगचा विषय नाही, तो रंगाऱ्याचा, असं आपण न बोलता ठरवून टाकलंय.

आता जरा हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये चक्कर मारा. सेकंडहँड गाडी घेऊन आलेल्या प्रत्येकाने पहिलं काम काय केलेलं दिसतं? इंजिन ऑइल नाही बदललेलं. चाकं रंगवलेली असतात! कोणाची काळी कुळकुळीत, कोणाची बंदुकीच्या नळीसारखी करडी, एकाची तर रॅलीच्या गाड्यांसारखी सोनेरी (गाडी मात्र आजोबांची, पांढरी). स्टाफरूममध्ये यावर एकच शेरा ऐकू येतो, की पोरांना नुसता दिखावा हवा. पोरांचं म्हणणं, आमची गाडी, आमचे पैसे.

मला दोन्ही पक्ष पटत नाहीत. चाक रंगवणं हा दिखावा नाही, आणि ती स्प्रेचा डबा हलवून रविवारी दुपारी उरकायची गोष्टही नाही. माझं म्हणणं असं : कारखान्यातून बाहेर पडल्यावर चाकाच्या आयुष्यात त्याचा धातू उघडा दिसण्याची वेळ जवळजवळ येतच नाही. टायर बदलताना नाही, पंक्चर काढताना नाही, सर्व्हिसिंगला तर नाहीच. ती वेळ येते फक्त जुना रंग काढून नवा देताना. त्या दहा-पंधरा मिनिटांत जो माणूस चाकासमोर उभा असतो, तो रंगारी नसतो, इन्स्पेक्टर असतो. त्याला हे कोणी सांगितलेलं नाही, आणि ज्यांना हे कळायला हवं ते आपण, त्याच्याकडे फक्त शेडकार्ड घेऊन जातो.

आधी चाकाबद्दल थोडं. आपण ज्याला सर्रास 'मॅग व्हील' म्हणतो त्यात मॅग्नेशियम नावापुरतंच असतं. एके काळी रेसिंगच्या गाड्यांना खरोखर मॅग्नेशियमची चाकं असत, तिथून नाव आलं आणि चिकटलं. आपल्या गाड्यांखालची बहुतेक चाकं ओतीव ॲल्युमिनियमची असतात आणि त्यासाठी सगळ्यात जास्त चालणारा मिश्रधातू म्हणजे ए-३५६. त्यात सिलिकॉन सुमारे ७ टक्के आणि मॅग्नेशियम साधारण ०.३ टक्के. पण ही चिमूटभर मॅग्नेशियमच सगळा खेळ करते. चाक ओतल्यावर ते ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास तापवतात, पाण्यात विझवतात, आणि मग १५०-१७० अंशांना पुन्हा काही तास मुरवतात. या मुरण्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर पसरतात आणि त्याला ताकद येते. यालाच टी-६ म्हणतात. मेटलर्जीच्या पेपरात 'शॉर्ट नोट'ला येतं, आपण पाठ करतो आणि सोडून देतो.

चाक रंगवायला नेलं की हीच शॉर्ट नोट आपल्यासमोर उभी राहते. कारण पावडर कोटिंग म्हणजे भाजणं. पावडर गनमधून हजारो व्होल्टचा चार्ज घेऊन निघते, चाकाला चिकटते, आणि मग भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना १०-२० मिनिटं वितळून घट्ट होते. आता हे तापमान मुरवण्याच्या तापमानापेक्षा जास्त आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. जितकं तापमान जास्त आणि वेळ जास्त, तितके ते सूक्ष्म कण मोठे होत जातात आणि धातू मऊ पडतो. एकदा नीट भाजलं तर घाबरण्यासारखं काही नाही, कारखान्यातसुद्धा चाकांना पावडर मारतातच. पण 'नीट' या शब्दात बरंच काही आलं. भट्टीच्या दारावरचा काटा आतल्या हवेचं तापमान दाखवतो, चाकाचं नाही. जाड चाक उशिरा तापतं. घाई केली तर पावडर कच्ची राहते आणि दोन महिन्यांत पापुद्रे सुटतात. जेवायला गेले आणि चाक आतच राहिलं तर उलटं. आणि रंग आवडला नाही म्हणून काढून पुन्हा, मग पुन्हा, असं तीन-चारदा भाजलेलं चाक काय मुरलंय हे कोण सांगणार?

तरी भट्टीला निदान काटा तरी असतो. खरी भीती वाटते ती गॅसच्या बत्तीची. खड्ड्यात आपटून रिमची कड वाकली की 'आउट काढून देतो' म्हणणारे पुष्कळ आहेत. लोखंडी रिम असेल तर ठीक. लोखंडावर हातोडा मारणारा माणूस पिढ्यानपिढ्या रंगावरून तापमान ओळखत आलाय, आधी काळपट लाल, मग चेरीसारखा, मग नारिंगी. तीच सवय घेऊन तो ॲल्युमिनियमवर बत्ती धरतो. आणि ॲल्युमिनियम लाल होतच नाही! ए-३५६ साडेपाचशेच्या पुढे वितळायला लागतो आणि तोवर तो उजेडात तसाच चंदेरी दिसतो. म्हणजे कारागीर कितीही अनुभवी असो, इथे त्याचे डोळे त्याला काही सांगत नाहीत. तीनशे-चारशे अंशांना गेलेल्या त्या भागात टी-६ संपलेला असतो. कड सरळ झाली, गिऱ्हाईक खूश, पण पुढच्या खड्ड्यात तीच कड आधी वाकणार. आर्गन वेल्डिंगचंही तसंच. वेल्ड छान भरलेला दिसतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मऊ झालेला असतो. चाकाला पुन्हा ५४० अंशांपासून सगळं करायला कोणाकडे भट्टी आहे? मग वरून लांबी, प्रायमर, दोन हात काळा रंग आणि लॅकर. झालं नवं चाक.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या विंगमधल्या एका मित्राने गेल्या वर्षी जुन्या मॅग व्हीलचा सेट घेतला. चकाचक काळा, 'खात्रीचा माल'. दुकानाचं नाव घेत नाही, कारण असं दुकान एकच नाही. एका चाकाची हवा दर चार दिवसांनी उतरायची. पंक्चरवाल्याने पाण्यात बुडवलं, काही सापडलं नाही. व्हॉल्व्ह बदलला, बीड घासून साफ केली, तरी तेच. शेवटी पॅरलल कॉटखालची बादली, साबणाचं पाणी आणि चार जणांची अक्कल एवढ्या सामग्रीवर आम्ही चाक आडवं करून बसलो. रिमच्या आतल्या बाजूला, जिथे कोणी कधी बघत नाही, तिथे रंगाखालून बारीक बुडबुडे येत होते. पॉलिश पेपरने घासलं तर काळ्याखाली राखाडी लांबी लागली. लांबी काढली तर कडेपासून आत गेलेली, बोटभर लांब भेग, निम्मी वेल्ड केलेली, निम्मी तशीच. हा मित्र त्या गाडीने दर पंधरवड्याला साताऱ्याला जातो. खंबाटकी घाट उतरताना त्या भेगेवर आई-बाबा बसलेले असायचे.

पुढे हे चाक आम्ही भोसरीतल्या एका पावडर कोटिंगवाल्या काकांना दाखवलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. अशी चाकं महिन्यात एखाददुसरं येतंच म्हणाले. मी विचारलं, मग तुम्ही काय करता? तर म्हणाले, "दादा, गिऱ्हाईक रंग मागतं. भेग कोण मागतंय? मी सांगितलं तर ते शेजारच्या शेडमध्ये जातं." त्यांना मी दोष देत नाही. खरं बोलल्याने धंदा जात असेल तर किती दिवस खरं बोलणार? पण त्यांच्याच शेडमध्ये उभं राहून एक गोष्ट दिसली ती मात्र सांगायलाच हवी.

जुना रंग काढायला तिथे ब्लास्टिंग करतात. बारीक ग्रिटचा मारा, दोन मिनिटांत चाक पांढरंशुभ्र. दिसायला इतकं स्वच्छ की वाटतं आता काहीच लपणार नाही. होतं उलटंच! ॲल्युमिनियम मऊ. माऱ्याने वरचा धातू सारवल्यासारखा पसरतो आणि बारीक भेगेचं तोंड मिटून जातं. आधी जी भेग नखाला लागली असती ती नंतर भिंगातूनही दिसत नाही. म्हणजे क्रम महत्त्वाचा आहे. रंग आधी रसायनाने उतरवा, चाक कोरडं करा, भेग शोधा, आणि मगच ब्लास्टिंगला घाला. यात खर्च फारसा वाढत नाही, फक्त क्रम बदलतो. पण क्रम का बदलायचा हे सांगायला तिथे कोणी गेलेलं नसतं.

(रसायनाचंही एक सांगून ठेवतो. लोखंडी रिमचा रंग काढायला कॉस्टिक सोड्याची टाकी वापरतात, ते चालतं. त्याच टाकीत मॅग व्हील टाकाल तर रंगाबरोबर चाकही जाईल. ॲल्युमिनियम आम्लात विरघळतं तसंच अल्कलीतही, हायड्रोजनचे बुडबुडे सोडत. पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी.)

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते हाच जास्त गंभीर. कारण भेग असलेली चाकं थोडी, पण ही चूक दुसऱ्या-तिसऱ्या रंगवलेल्या चाकात दिसते. नटाच्या बैठकीवर मारलेला रंग.

चाक कशाने धरलेलं असतं? व्हायवाला विचारलं तर दहापैकी आठ जण म्हणतील, चार स्टडवर लटकलेलं असतं, स्टड शिअरमध्ये असतात. नाही. नट आवळले की स्टड ताणला जातो, त्या ताणाने चाक हबवर दाबलं जातं, आणि गाडीचं वजन, ब्रेक, वळण हे सगळं मुख्यतः त्या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणाने पेललं जातं. स्टडचं काम दाबून धरणं. जरा आकडे टाकूया. छोट्या गाडीला साधारण एम-१२ चा स्टड, पिच दीड मिलिमीटर. टॉर्क १०० न्यूटन-मीटर धरा. मशीन डिझाइनमधलं आपलं साधं सूत्र, टॉर्क म्हणजे ०.२ गुणिले ताण गुणिले व्यास. म्हणजे १०० भागिले (०.२ × ०.०१२), उत्तर सुमारे ४१,७०० न्यूटन. एका स्टडमध्ये चार टनांहून जास्त! चार स्टड मिळून सतरा टनांच्या आसपास. आपल्या मेसच्या भाकरीपेक्षा घट्ट पकड.

आता हा ताण टिकतो कशाच्या जोरावर? स्टड किती लांबला त्याच्या जोरावर. एम-१२ चं ताणाखालचं क्षेत्रफळ ८८ चौरस मिलिमीटर, म्हणजे स्ट्रेस सुमारे ४७० मेगापास्कल. यंग्स मॉड्युलस २०५ गिगापास्कल. दाबाखालची लांबी २५ मिलिमीटर धरली तर स्टड लांबतो किती? ०.०५७ मिलिमीटर. सत्तावन्न मायक्रॉन. डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढं, किंवा त्याहून कमीच.

आणि पावडर कोटचा थर किती जाड असतो? साठ ते ऐंशी मायक्रॉन.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. नटाची बैठक ६० अंशांच्या शंकूची असेल तर त्यावर ७० मायक्रॉनचा थर दबला की नट अक्षाच्या दिशेने त्याच्या दुप्पट, १४० मायक्रॉन आत सरकू शकतो (साइन ३० म्हणजे अर्धा, भूमिती करून बघा). शिवाय हबला टेकणाऱ्या पाठीवरही रंग मारलेला असेल तर तो आणखी वेगळा. रंग म्हणजे पॉलिमर. ब्रेकच्या उष्णतेने मऊ होतो, दाबाखाली हळूहळू सरकतो, चुरतो. त्यातला निम्मा जरी गेला तरी सत्तावन्न मायक्रॉनचा ताण शिल्लक राहील का? स्टड अजून तिथेच, नट अजून तिथेच, पकड मात्र गेलेली. मग चाक हबवर सूक्ष्म हलू लागतं, नट सुटत जातात, आणि स्टड खरोखरच शिअरमध्ये आणि वाकण्यात येतात, जे त्यांचं काम कधीच नव्हतं. हिशेब ढोबळ आहे, मान्य. चाक आणि हबही थोडे दबतात, घर्षणाचा गुणांक रंगाने बदलतो. पण मूळ मुद्दा तोच राहतो.

उपाय इतका स्वस्त आहे की सांगताना लाज वाटते. बैठकीत आणि पाठीवर रंग जाऊ न देणं. उष्णता सहन करणारी टेप किंवा सिलिकॉनचे बूच लावून त्या जागा झाकायच्या, कारखान्यात करतात तसंच. हबचं मधलं भोकही झाकायचं, नाहीतर थराने भोक लहान होतं आणि चाक ठोकून बसवावं लागतं. चाक लावल्यावर टॉर्क रेंचने आवळायचं, शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचं. पण बिनरंगी बैठक गिऱ्हाइकाला 'अर्धवट काम' वाटते! "इथे रंग राहिला की" म्हणून परत आणलेली चाकं त्या काकांनी मला दाखवली. म्हणजे अडाणीपणा शेडमध्ये कमी आणि गाडीच्या स्टिअरिंगमागे जास्त. त्या स्टिअरिंगमागे इंजिनिअरिंगची पोरं बसलेली असतात हे विशेष.

बाकी रंग टिकण्याबद्दल फार लिहीत नाही, तो आवडीचा आणि खिशाचा प्रश्न आहे. एवढंच की ॲल्युमिनियमवर रेड ऑक्साइड मारून वर रंग देणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याला एच प्रायमर लागतो. आणि कोकणातल्या मंडळींनी लॅकरला चरा पडला तर दुर्लक्ष करू नये. दमट हवा आणि मीठ मिळालं की लॅकरखालून पांढऱ्या अळीच्या वाटांसारख्या रेषा पसरत जातात. रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्यांच्या चाकांवर त्या पाहिल्या असतील. वरून कितीही पॉलिश करा, त्या जात नाहीत. चंदेरी चकाकणाऱ्या डायमंड कट चाकांना हे जास्त होतं, आणि ती पुन्हा लेथवर घेताना दर वेळी थोडा धातू जातो, म्हणजे ते कितीही वेळा करता येत नाही.

पण रंगवणाऱ्या माणसाबद्दल मात्र लिहायलाच हवं. चाकाच्या भेगेची काळजी करणारे आपण, त्याच्या छातीची कधी करतो? दोन डब्यांतला पीयू रंग, एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा होतो, साधासुधा नाही, व्यवसायातून येणारा. एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्या वाफेनेही श्वास अडकतो, मग धंदाच सोडावा लागतो. रस्त्याकडेचा रंगारी काय लावतो? तोंडाला रुमाल. रुमालाने फार तर मोठे थेंब अडतील, वाफ कशी अडेल? रंग काढायच्या पेस्टमध्ये पुष्कळदा मिथिलिन क्लोराइड असतं. अमेरिकेत २०१९ मध्ये ते घरगुती रंगकाढूंतून हद्दपार केलं आणि २०२४ मध्ये बहुतेक सगळ्या वापरांवर बंदी आणायचा नियम केला, कारण बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं मेली आहेत. आपल्याकडे तो डबा पत्र्याच्या शेडमध्ये, शटर अर्धं ओढून उघडतात, धूळ येऊ नये म्हणून. त्या शटरआड काम करणारं पोरगं आपल्याच वयाचं असतं. आपण बाहेर उभे राहून 'मॅट की ग्लॉस' यावर चर्चा करत असतो.

कोणी म्हणेल, हे सगळं सरकारने बघावं. नव्या चाकांचं सरकार आणि संस्था बघतातच. नव्या डिझाइनच्या चाकाला वळणाचा थकवा, वजनाचा थकवा, १३ अंशांत तिरकं ठेवून वरून वजन आपटणं अशा परीक्षा असतात. कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय १९६६ पासून गाड्यांच्या तपासणीचं काम करते आहे, आपल्यातले काही जण तिथे प्रोजेक्टला जाऊनही आले. पण चाक एकदा रस्त्यावर आलं, वाकलं, सरळ झालं, भाजलं, रंगलं, विकलं गेलं, की त्याला पुन्हा परीक्षा नाही. आपल्याला केटी लागली तर पुन्हा बसावं लागतं. चाकाला नाही.

माझी मागणी सरकारकडे नाहीच, आपल्या मेकॅनिकल डिपार्टमेंटकडे आहे. आपल्या लॅबमध्ये डाय पेनिट्रंटचे तीन डबे आहेत. क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. लाल रंग मारा, १०-२० मिनिटं थांबा, पुसा, पांढरं फवारा, भेग असेल तर लाल रेघ वर येते. इतकी सोपी परीक्षा की शेंबडं पोरही करेल. आणि आपण ती कशावर करतो? वर्षानुवर्षं त्याच एका वेल्ड केलेल्या पट्टीवर, जिच्यातली भेग कुठे आहे हे सीनियरच्या जर्नलमध्ये आधीच काढलेलं आहे. अर्धी बॅच पट्टी न बघताच आकृती काढते. (मी कोणत्या अर्ध्यात होतो ते विचारू नका.)

त्या पट्टीऐवजी खरी चाकं आणा. जवळच्या कोटिंगवाल्यांना सांगा, रंग उतरवलेलं, ब्लास्टिंग न केलेलं चाक शनिवारी आणून द्या, आमची पोरं फुकट तपासतील. त्यांना गिऱ्हाइकासमोर म्हणता येईल, "मी नाही म्हणत, कॉलेजवाले म्हणतात." भोसरीच्या काकांना मी हे विचारलं तर ते म्हणाले, कागद द्याल का लिहून? म्हणजे त्यांना खरं बोलायला नको आहे असं नाही, त्यांना पाठीशी कोणी हवं आहे.

स्टाफकडून येणाऱ्या हरकती मला माहीत आहेत. आपण तपासलेलं चाक उद्या तुटलं तर जबाबदार कोण? म्हणूनच 'पास' असं कुठेही लिहायचं नाही. सापडलेल्या भेगेवर मार्करने खूण करायची, आणि कागदावर 'या ठिकाणी भेग दिसली' किंवा 'पृष्ठभागावर भेग दिसली नाही' एवढंच. या पद्धतीला पृष्ठभागापर्यंत आलेलीच भेग दिसते, आतली पोकळी दिसत नाही, हेही त्याच कागदावर छापायचं. दुसरी हरकत खर्चाची. तीन डब्यांत बरीच चाकं होतात, आणि गॅदरिंगच्या स्टेजच्या फुलांपेक्षा स्वस्तच पडेल. तिसरी हरकत सिलॅबसमध्ये बसत नाही ही. प्रयोगाचं नाव तेच, पद्धत तीच, फक्त स्पेसिमेन बदललं. बसतं.

आणि आपल्या बाहाच्या टीमलाही एक विनंती. २००७ मध्ये पीथमपूरला ही स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून गाडी रंगवायचं काम स्पर्धेच्या आदल्या रात्रीच होत आलंय अशी हॉस्टेलमध्ये ख्याती आहे. रंगवा, पण नटाच्या बैठकी टेपने झाका. रोलकेज उघडा असताना वेल्डवर एकदा लाल रंग फिरवून घ्या. रात्री दोन वाजता काळ्या स्प्रेखाली काय झाकलं गेलं हे सकाळी टेक इन्स्पेक्शनवाल्यांनाही दिसत नाही.

एचओडी सरांकडे अर्ज मी देतो आहे, खाली सही करायला आठ-दहा जण तरी हवेत. सेकंड इयरची बॅचही चालेल, उलट बरंच. शनिवारी दोननंतर लॅब रिकामी असते आणि किल्ली स्टोअरच्या काकांकडे मिळते. येताना जुने सुती कपडे आणा, लाल रंग धुऊन निघत नाही.